वीरांची विश्रांतिस्थाने

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, जुन्नर तालुक्यात, आळे नावाचे गाव आहे. कल्याणहून माळशेज घाट चढून येणारा रस्ता आणि पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता ज्या आळेफाट्यावर एकमेकांस छेदतात, तेथून हे गाव जवळच आहे. ह्या गावी एक आगळी समाधी आहे. ती कोणा राजाची नाही, सरदाराची नाही. ती आहे एका रेड्याची. ज्ञानेश्वरांनी पैठण येथे ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले, तो रेडा परतीच्या वाटेवर येथे निवर्तला आणि ज्ञानेश्वरादी भावंडांनी त्याला येथेच समाधी दिली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. सातशे वर्षे उलटली, तरी लोक त्या समाधीपुढे हात जोडतात, तेथे दिवा लावतात, यात्रा भरवितात.

एका मुक्या प्राण्याची आठवण एवढ्या निष्ठेने जतन करणारी ही आपली माती आहे. जिवलगाची आठवण मातीत विरून जाऊ नये, असे प्रत्येक माणसास वाटते. म्हणून तो तेथे एखादा दगड रोवतो, त्याला शेंदूर लावतो, त्यावर फूल वाहतो. परंतु जो माणूस घरापासून हजारो कोस दूर, रणांगणावर पडला, त्याचे काय? एकाच दिवशी हजारो सैनिक पडले आणि त्यांतील कित्येकांची ओळखही पटली नाही, तर त्यांची आठवण कोणी आणि कशी राखावयाची? हा प्रश्न जगातील अनेक राष्ट्रांपुढे उभा राहिला. प्रत्येक राष्ट्राने त्याचे उत्तर आपापल्या परीने दिले. ते उत्तर त्यांच्या सैनिकी दफनभूमींच्या आणि स्मारकांच्या रचनेत आपणांस वाचता येते.

आपल्या महाराष्ट्राचे उत्तर फार जुने आहे. गावच्या वेशीपाशी, मारुतीच्या पाराजवळ किंवा महादेवाच्या देवळाच्या आवारात एखादी उभी, कोरीव शिळा तुम्ही पाहिली असेल. तिला ‘वीरगळ’ म्हणतात. वीरगळावर बहुधा तीन-चार चौकटी एकावर एक कोरलेल्या असतात. ही चित्रकथा खालून वर वाचावयाची असते. सर्वांत खालच्या चौकटीत वीर धारातीर्थी पडलेला किंवा लढताना दिसतो. कधी त्याच्या बाजूला गुरे असतात. गावची गुरे पळविणाऱ्यांशी लढताना त्याने प्राण दिले, असा त्याचा अर्थ. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो. सर्वांत वर चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. जोवर चंद्रसूर्य आहेत, तोवर ह्या वीराची कीर्ती राहील, असे ते दोघे सांगतात. मुंबईजवळ बोरिवलीच्या एकसर भागातील वीरगळांवर तर वल्ही मारणाऱ्या नावाड्यांची लढाऊ गलबतेही कोरलेली आहेत.

वीरगळ पाहताना एक गोष्ट मात्र मनाला चुटपुट लावते. त्यांपैकी बहुतेकांवर वीराचे नाव नाही. ज्यांनी तो दगड उभारला, त्यांना ते नाव तोंडपाठ होते. ते लिहून ठेवावे असे त्यांना वाटले नाही. पिढ्या सरल्या, दगड राहिला, शौर्य राहिले, नाव तेवढे हरपले. ‘नाव’ ही गोष्ट ध्यानात ठेवा. ह्या पाठात आपणांस तिचे पुन्हा पुन्हा काम पडणार आहे.

पूर्वीच्या काळी जगात सर्वत्र राजांची आणि सेनापतींची स्मारके होत. साधा शिपाई जेथे पडे, तेथेच खड्ड्यात पुरला जाई. प्रत्येक शिपायासाठी स्वतंत्र कबर राखण्याची जबाबदारी राष्ट्राने उचलावी, हा विचार गेल्या दीड-दोनशे वर्षांतला आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ ह्या काळात यादवी युद्ध झाले. त्या युद्धातील मृतांसाठी सरकारने राष्ट्रीय दफनभूमी स्थापन केल्या. वॉशिंग्टन शहरासमोर, नदीपलीकडे, १८६४ साली सुरू झालेली आर्लिंग्टनची दफनभूमी त्यांतच मोडते. तेथे आज चार लाखांहून अधिक जणांच्या कबरी आहेत.

पुढे १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. चार वर्षांत जवळजवळ एक कोट सैनिक मृत्यू पावले. एवढा संहार मानवजातीने त्यापूर्वी पाहिला नव्हता. फ्रान्स आणि बेल्जियम ह्या देशांतील शेते कबरींनी भरून गेली. इंग्लंडमधील फेबियन वेअर नावाचे गृहस्थ रुग्णवाहिकांच्या एका तुकडीचे प्रमुख म्हणून फ्रान्सला गेले होते. घाईघाईने रोवलेले लाकडी क्रूस पावसापाण्यात कुजतील आणि कोण कोठे पुरला आहे हे कोणास कळणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी कबरींची नोंद ठेवण्यास आरंभ केला. त्यांच्या खटपटीतून १९१७ साली एक आयोग स्थापन झाला. तोच आज ‘राष्ट्रकुल युद्धकबर आयोग’ म्हणून ओळखला जातो.

ह्या आयोगापुढे पहिला प्रश्न असा होता की, कबरी कशा असाव्यात? श्रीमंत बापाने आपल्या मुलासाठी संगमरवरी मंदिर बांधावे आणि गरीब विधवेच्या मुलाच्या डोक्याशी नुसती लाकडाची फळी असावी काय? आयोगाचे सल्लागार सर फ्रेडरिक केन्यन ह्यांनी १९१८ साली अहवाल दिला. त्यातील मुख्य तत्त्व होते समतेचे. सेनापती असो वा शिपाई, सर्वांची स्मारकशिला एकाच आकाराची असावी, असे ठरले. तिची उंची २ फूट ८ इंच आणि रुंदी १ फूट ३ इंच. तिच्यावर पलटणीचे चिन्ह, नाव, हुद्दा, मृत्यूची तारीख आणि त्या सैनिकाच्या धर्माचे चिन्ह. खाली घरच्या माणसांना आपल्या मनातील चार शब्द कोरविता येत. परंतु त्यालाही ६६ अक्षरांची मर्यादा होती. शव मायदेशी नेण्यासही बंदी करण्यात आली. कारण तसे करणे धनवंतांनाच परवडले असते.

हा निर्णय सर्वांस रुचला असे नाही. इंग्लंडमधील कित्येक आयांना आपल्या मुलाच्या डोक्याशी क्रूस हवा होता. हजारो सह्यांचे अर्ज झाले. मे १९२० मध्ये पार्लमेंटात ह्या प्रश्नावर वाद झाला. मुलगा आईचा की राष्ट्राचा, असाच जणू तो वाद होता. शेवटी समतेचे तत्त्व टिकले. म्हणून आज ह्या दफनभूमी पाहिल्या, म्हणजे हिरवळीवर उभ्या असलेल्या एकसारख्या शुभ्र शिलांच्या रांगा दिसतात. शिलांच्या पायथ्याशी फुलझाडे लावलेली असतात. परदेशी मातीत झोपलेल्या मुलाला घरच्या बागेची सोबत मिळावी, हा त्यामागील हेतू. ज्याची ओळख पटली नाही, त्याच्याही डोक्याशी तशीच शिला असते. तिच्यावर त्याचे नाव केवळ परमेश्वरास ठाऊक असल्याचे लिहिलेले असते.

ज्या जर्मनांशी इंग्रज लढले, त्यांच्या दफनभूमीचे रूप अगदी निराळे आहे. जर्मनी युद्धात हरला होता. त्याचे मृत सैनिक शत्रूच्या देशात पुरलेले होते आणि त्यांच्यासाठी मिळालेली जागाही मोजकीच होती. बेल्जियममधील लांगेमार्क येथे थोड्याशा जागेत ४४,००० हून अधिक जर्मन सैनिक चिरनिद्रा घेत आहेत. त्यांतील जवळजवळ पंचवीस हजार एकाच सामाईक कबरीत आहेत. येथे शुभ्र शिलांच्या उभ्या रांगा नाहीत. नावांच्या शिळा जमिनीलगत आडव्या बसविल्या आहेत. ओक वृक्षांची गर्द सावली त्यांवर पसरलेली असते. काळपट दगडाचे ठेंगणे क्रूस मधूनमधून उभे आहेत. एका टोकाला माना खाली घातलेल्या चार सैनिकांचे पुतळे आहेत. विजयाचा एकही स्वर येथे उमटत नाही. जणू सारे रान मुक्यानेच शोक करीत आहे.

तेथून थोड्याच अंतरावर व्लाडस्लो नावाची दुसरी जर्मन दफनभूमी आहे. तेथे पीटर कोल्वित्स नावाचा एक तरुण पुरलेला आहे. सैन्यात जाण्यासाठी त्याला वडिलांची संमती हवी होती. वडील तयार नव्हते. आईनेच रदबदली करून ती मिळवून दिली. ऑक्टोबर १९१४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पीटर रणांगणावर पडला. त्याची आई केटे कोल्वित्स ही मोठी चित्रकार आणि शिल्पकार होती. पुढे कित्येक वर्षे ती मुलाच्या स्मारकाचाच विचार करीत होती. अखेर १९३२ साली तिचे शिल्प पुरे झाले. त्यात वीर नाही, तलवार नाही, ध्वज नाही. गुडघे टेकून बसलेले आईबाप तेवढे आहेत. बाप ताठ बसून दोन्ही हातांनी आपले अंग आवळून धरीत आहे. आई पुढे वाकली आहे. त्यांच्यासमोरच्या एका आडव्या शिळेवर वीस नावे आहेत. त्यांत पीटरचे नाव आहे. युद्धात मरणारा कोणाचा तरी मुलगा असतो, ही गोष्ट ह्या दोन दगडी मूर्तींइतकी स्पष्ट क्वचितच कोणी सांगितली असेल.

फ्रान्समधील व्हर्दन येथे १९१६ साली फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत लढाई चालली. तोफांच्या माऱ्याने जमीन इतकी उलथीपालथी झाली की, मृतांची हाडे मातीत मिसळून गेली. ती फ्रेंच सैनिकाची की जर्मन सैनिकाची, हे सांगणे अशक्य झाले. मग फ्रेंचांनी दुओमाँ येथे एक भव्य अस्थिगृह बांधले. १९३२ साली त्याचे उद्घाटन झाले. त्यात सुमारे १,३०,००० अनामिक सैनिकांच्या अस्थी ठेवल्या आहेत. इमारतीच्या तळाशी लहान लहान खिडक्या आहेत. त्यांतून त्या अस्थींचे ढीग दिसतात. जिवंतपणी एकमेकांवर बंदुका रोखणारे तेथे एकमेकांत मिसळून गेले आहेत. समोरच्या उतारावर फ्रेंच सैनिकांच्या हजारो कबरी आहेत. त्यांत आफ्रिकेतून आलेल्या मुसलमान सैनिकांच्या कबरी मक्केच्या दिशेने वळविलेल्या आहेत.

अमेरिकेने आणखी वेगळी वाट धरली. दोन्ही महायुद्धांनंतर मृत सैनिकाचे शव मायदेशी आणावे की परदेशातच राहू द्यावे, ह्याची निवड तिने घरच्या माणसांवर सोपविली. जे परदेशीच राहिले, त्यांच्यासाठी विस्तीर्ण दफनभूमी उभारल्या. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर, जेथे ६ जून १९४४ रोजी अमेरिकन सैन्य उतरले, तेथील समुद्रकाठच्या टेकडीवर नऊ हजारांहून अधिक कबरी आहेत. ख्रिस्ती सैनिकांसाठी संगमरवरी क्रूस आणि यहुदी सैनिकांसाठी सहा कोनांची चांदणी. ह्या साऱ्या खुणांचे तोंड पश्चिमेकडे, म्हणजे समुद्रापलीकडच्या मायदेशाकडे आहे.

रशियातील लेनिनग्राड शहरास, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. भूक, थंडी आणि बाँबवर्षाव ह्यांनी लाखो माणसे मेली. पिस्कार्योव्ह येथील स्मृतिभूमीत १८६ सामाईक कबरी आहेत. तेथे सुमारे ४,२०,००० नागरिक आणि ५०,००० सैनिक पुरले आहेत. लांबरुंद गवताळ ओट्यांवर नावे नाहीत. दगडावर फक्त साल कोरलेले आहे; सैनिकांसाठी तारा, नागरिकांसाठी कोयता-हातोडा. दूर टोकाला हातात माळ घेतलेली मातृभूमीची मूर्ती उभी आहे. जेथे सारे शहरच रणांगण झाले, तेथे सैनिक आणि नागरिक एकाच मातीत विसावले, ह्यात नवल नाही.

आता आपल्या माणसांकडे वळू. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी लोक समुद्रापार गेले. त्यांत सैनिक होते, तसेच खेचरवाले, मजूर आणि स्वयंपाकीही होते. पुणे, सातारा, रत्नागिरी, कुलाबा ह्या जिल्ह्यांतून मराठा पलटणींत भरती झाली. त्यांतील हजारो माणसे परत आली नाहीत. ह्यांच्या स्मारकाचा प्रश्न बिकट होता. हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन करावयाचे असते. मग कबर कोठून असणार? जेथे कबरच नाही, तेथे नाव कोठे कोरावयाचे?

इंग्लंडमध्ये ब्रायटन शहराजवळच्या टेकड्यांवर ह्याचे एक सुंदर उत्तर पाहावयास मिळते. फ्रान्समध्ये जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या रुग्णालयांत आणले जात. त्यांपैकी जे ५३ हिंदू आणि शीख सैनिक मरण पावले, त्यांचे दहन ह्या टेकडीवर झाले. १९२१ साली त्या जागी पांढऱ्या संगमरवराची घुमटदार छत्री उभारण्यात आली. पुण्याजवळ वानवडीला महादजी शिंदे ह्यांची छत्री आहे. तोच ‘छत्री’ हा आपला शब्द इंग्लंडच्या त्या माळावर जाऊन बसला. मात्र त्या ५३ जणांची नावे दगडावर कोरली जाण्यास २०१० साल उजाडावे लागले.

फ्रान्समधील न्यूव्ह-शापेल येथे मार्च १९१५ मध्ये हिंदी सैन्याने मोठा पराक्रम केला. १९२७ साली तेथे हिंदी स्मारकाचे उद्घाटन झाले. नवी दिल्लीतील सचिवालयाच्या इमारती ज्यांनी रचल्या, त्या हर्बर्ट बेकर ह्यांनीच ह्याची रचना केली. गोलाकार आवाराच्या मध्यभागी, कमळाचा शिरोभाग असलेला, सुमारे १५ मीटर उंचीचा स्तंभ आहे. तो पाहून अशोकस्तंभाची आठवण होते. दगडी जाळीचा कठडा सांचीच्या स्तूपाची आठवण करून देतो. पायाशी दोन वाघ बसलेले आहेत. ज्यांची कबर कोठेही नाही, अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि मजुरांची नावे तेथील भिंतीवर आहेत. कबर देता आली नाही, तर नाव द्यावे, असे हे उत्तर आहे.

परंतु हे उत्तर सर्वत्र मिळाले नाही. आज ज्यास इराक म्हणतात, त्या मेसोपोटेमियात मराठा पलटणींनी अतिशय हाल सोसले. कूत-अल्-अमारा येथे त्यांतील काही पलटणी महिनोन् महिने वेढ्यात अडकल्या; अन्न संपल्यावर एप्रिल १९१६ मध्ये तेथील सैन्याला शरण जावे लागले. ह्या मोहिमेत ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी १९२९ साली बसरा येथे स्मारक झाले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र नावे नाहीत. अमुक पलटणीचे इतके, अशी त्यांची केवळ संख्या देण्यात आली. समतेचे तत्त्व पुस्तकात राहिले. बसऱ्याच्या दगडापर्यंत ते पोहोचले नाही.

महाराष्ट्रातील अनेक गावांतही त्या युद्धाची खूण आहे. चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एखादी लहानशी संगमरवरी पाटी बसविलेली असते. ह्या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण अर्पण केले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. येथेही नाव नाही, आकडाच आहे. ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकास ओळखत होता, त्या गावच्या भिंतीवरही आकडा!

ह्या अन्यायाची दखल घेतली जाण्यास शंभर वर्षे लागली. युद्धकबर आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातील सुमारे ४५,००० ते ५४,००० आशियाई आणि आफ्रिकी मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, असे समितीने नोंदविले. निदान १,१६,००० जणांचे, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचे, नावानिशी स्मरण झालेच नाही, असेही तिने म्हटले. आयोगाने त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. गेलेली नावे शोधण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धात अशी चूक पुष्कळ प्रमाणात टळली. नाईक यशवंत घाडगे ह्यांचे उदाहरण पाहा. ते आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत ते नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर शत्रूने मशिनगनचा मारा केला. सर्व सोबती मृत वा घायाळ झाले असता हा बावीस वर्षांचा तरुण एकटाच पुढे धावला आणि त्याने ते ठाणे जिंकले. त्याच क्षणी दुरून आलेल्या गोळीने त्याचा प्राण घेतला. त्यांना मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला. त्यांचा देह कधीच सापडला नाही. परंतु इटलीतील कसीनो येथील स्मारकावर, कबर नसलेल्या चार हजारांवर सैनिकांच्या नावांत, त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. ज्या मोंतोने गावाच्या परिसरात ते पडले, तेथील लोकांनी २०२३ साली त्यांच्या नावे छायाघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारले. ऊन पडले की त्या घड्याळावर सावली सरकू लागते आणि कोकणातील एका तरुणाचे नाव इटलीतील मुले वाचतात.

जसे आपले सैनिक परक्या भूमीत राहिले, तसे परक्यांचे सैनिक आपल्याकडे राहिले आहेत. पुण्यास खडकी येथे राष्ट्रकुलाची सैनिकी दफनभूमी आहे. लोक तिला ‘वॉर सिमेट्री’ म्हणतात. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायम देखभाल होणे अवघड होते, त्या येथे एकत्र आणल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक येथे विसावले आहेत. पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांच्या नावांचे स्मारकही येथेच आहे. मुंबईच्या शिवडी येथील दफनभूमीतून ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये येथे आणण्यात आले. आणखी एका लहान स्मारकावर पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतील १९३ सैनिकांची नावे आहेत. त्यांच्या आईबापांनी पुणे हे नावही कधी ऐकले नसेल. परंतु पुण्याचा माळी त्या हिरवळीला पाणी घालतो. आपल्या मराठा सैनिकाच्या स्मारकाभोवतीचे गवत कोणी परदेशी माळी कापतो, त्याचीच ही परतफेड नव्हे काय?

स्वतंत्र भारताने आपल्या वीरांसाठी निराळी रचना केली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी नवी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले. त्यात एकात एक अशी चार वर्तुळे आहेत: अमरचक्र, वीरताचक्र, त्यागचक्र आणि रक्षकचक्र. मध्यभागी अखंड ज्योत तेवते. त्यागचक्राच्या भिंती चक्रव्यूहासारख्या रचल्या आहेत. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथील ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर कोरली आहेत. सर्वांची वीट सारखीच. कोणाचा धर्म कोणता, प्रांत कोणता, हे त्या विटेच्या आकारावरून कळत नाही. पुण्याच्या लष्कर भागातही नागरिकांच्या वर्गणीतून उभारलेले युद्धस्मारक १९९८ पासून उभे आहे. १९९९ च्या कारगील युद्धापासून वीराचा देह त्याच्या गावी पोहोचविण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे आता वीराचे स्मारक बहुधा त्याच्या गावातच, शाळेजवळ वा वेशीपाशी उभे राहते. वीरगळ जेथे असे, तेथेच ते पुन्हा आले आहे. फरक एवढाच, की आता त्यावर नाव असते.

इंग्रजांची रांग, जर्मनांची सावली, फ्रेंचांचे अस्थिगृह, अमेरिकनांचे पश्चिमाभिमुख क्रूस, रशियनांची सामाईक कबर, आपली छत्री आणि चक्र ह्या साऱ्या रचना एकमेकींपासून किती भिन्न आहेत! कोणी विजयी होता, कोणी पराभूत. कोणी दहन करणारा, कोणी दफन करणारा. तरीही ह्या सर्वांना एकच कसोटी लावता येते. ह्या जागी सर्वांत साध्या शिपायाचे नाव राखले गेले आहे काय? ज्या स्मारकास ह्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देता येते, ते लहान असले तरी थोर आहे. ज्यास देता येत नाही, ते कितीही उंच असले तरी त्याचे काम अजून पुरे झालेले नाही.

तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात अशी संगमरवरी पाटी असेल, तर ती जाऊन पाहा. तिच्यावरील आकडा वहीत उतरून घ्या. मग गावातील वडीलधाऱ्यांना विचारा. कोणाच्या पणजोबांचे पदक पेटीत असेल. कोणाच्या घरी पेन्शनीचा जीर्ण कागद असेल. एखाद्या आजीला तिच्या सासूने सांगितलेले नाव आठवत असेल. जी नावे मिळतील, ती त्या आकड्याखाली सुवाच्य अक्षरांत लिहा. त्यासाठी कुदळ, पहार किंवा संगमरवर लागत नाही. वही आणि लेखणी पुरते.

अभ्यास

१. वीरगळावरील चित्रे कोणत्या क्रमाने वाचावयाची असतात? प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगा.
२. शव मायदेशी नेण्यास इंग्रजांच्या आयोगाने बंदी का केली? अमेरिकेने काय ठरविले? तुम्हांस कोणता निर्णय पटतो, ते कारणे देऊन लिहा.
३. लांगेमार्क येथील जर्मन दफनभूमी आणि इंग्रजांची दफनभूमी ह्यांच्या रचनेतील भेद तीन-चार वाक्यांत सांगा.
४. ‘समतेचे तत्त्व पुस्तकात राहिले, बसऱ्याच्या दगडापर्यंत ते पोहोचले नाही.’ ह्या वाक्याचे स्पष्टीकरण करा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: धारातीर्थी पडणे, रदबदली करणे, दखल घेणे, चिरनिद्रा.
६. जगाच्या नकाशात बसरा, व्हर्दन, ब्रायटन, सेंट पीटर्सबर्ग आणि पुणे ही ठिकाणे शोधा.